सात म्हणजे सातच

मी एक जुनी ब्युरेट, म्हणजे तोटी असलेली काचेची मापनळी आहे, मित्रांनो, पण मला कुणाची दया नको. कारखान्यात माझ्या अंगावर रेघा उमटल्या, तेव्हापासून मी शाळेच्या प्रयोगशाळेत थेंबाथेंबाचा खरा हिशेब सांगत आले. माझं तोंड जरा टवकलंय, तोटी कुरकुरते, पण गळत नाही.

एके काळी माझं कोण कौतुक! "हिचा हात कुणी धरू शकणार नाही," असं प्रयोगशाळेचे मामा सांगत सुटायचे. मग नव्या ब्युरेट आल्या आणि मी कपाटात धूळ खात पडले.

परवा नव्या ब्युरेट परीक्षेसाठी राखून ठेवल्या, म्हणून रसायनशास्त्राच्या बाईंनी मला बाहेर काढलं. माझ्यात कॉस्टिक सोडा, खाली शंकूपात्रात तेवढ्याच तीव्रतेचं वीस मिलिलिटर व्हिनेगर. एरवी तिथे हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. बाईंनी सवयीने फळ्यावर तेच निव्वळ आयनिक समीकरण लिहिलं:

H⁺ + OH⁻ → H₂O

रंग बदलून आम्ल संपल्याचं सांगणारा दर्शकही सवयीचाच, मिथिल ऑरेंज. वीस मिलिलिटरला बदलायचा लाल रंग सातलाच पिवळा झाला.

"मामा, ही म्हातारी भंगारात टाका," बाई म्हणाल्या.

माझं डोकंच फिरलं. मी सात ओतले होते, सातच दाखवत होते! मामा मला भंगाराच्या खोक्यात ठेवणार, इतक्यात वर्गातली शंकेखोर मुलगी उठली.

"बाई, थांबा ना! व्हिनेगरमधल्या आम्लाचे आयन पाण्यात जेमतेमच सुटे होतात. मग नुसतं H⁺ कसं लिहायचं? अख्खा रेणूच लिहायला हवा."

तिने खडू घेतला:

CH₃COOH + OH⁻ → CH₃COO⁻ + H₂O

"सोडियम नुसता बघ्या, तो वगळला. पण ॲसिटेट उरतो, त्यामुळे शेवटी द्रावण थोडं आम्लारीधर्मी होतं. मिथिल ऑरेंज तर त्याच्या कितीतरी आधी, आम्ल शिल्लक असतानाच रंग बदलतं."

बाईंनी आपलं समीकरण पुसलं. मग म्हणाल्या, "मामा, नवं व्हिनेगर आणि फिनॉल्फ्थॅलीन आणा, ते आम्लारी द्रावणातच गुलाबी होतं. आणि म्हातारीला परत स्टँडला लावा."

पुन्हा शून्यापासून थेंब थेंब सोडत मी विसावर आले, आणि फिकट गुलाबी रंग टिकला.

"चूक माझी होती," बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या. त्या क्षणी मला त्यांचा फार अभिमान वाटला.

मित्रांनो, मला धुवा, पुसा, तोटीला व्हॅसलीन लावा. तो माझा हक्क आहे. पण आकडा मनासारखा आला नाही म्हणून मला फेकायला निघालात, तर आधी आपलं समीकरण पुन्हा वाचा. तुमचं मन राखण्यासाठी मी कधीही वीस म्हणणार नाही.