कासाबाईला लांबचं दिसलं

मी एक चष्मा. काळ्या फ्रेमचा, जाड भिंगांचा. सेलूच्या दुकानात होतो तेव्हा वाटायचं, एखाद्या मास्तरांच्या नाकावर बसेन आणि रोज पेपर वाचेन. नशिबात मात्र वालूरजवळचा मेंढरांचा कळप होता.

कासाबाईला लहानपणापासून लांबचं धूसर दिसायचं, पण ते तिला ठाऊकच नव्हतं. जग असंच असतं, असं ती धरून चालली होती. मेंढरं ती आवाजावरून ओळखायची. एकदा देवगाव फाट्यावर तिनं एसटी समजून भरधाव ट्रकला हात केला आणि थेट रस्त्यातच जाऊन उभी राहिली. लेकानं, बिरदेवानं, मागं ओढलं म्हणून वाचली. तो हादरला आणि तिला डोळे तपासायला घेऊन गेला. असा मी तिच्या नाकावर आलो.

दुकानाबाहेर पाऊल टाकलं आणि ती जागच्या जागी थिजली. समोर लिंबाचं झाड होतं.

"बिरदेवा, ह्याची पानं येगळी येगळी दिसायलीत!"

"मग? झाडाला पानं असत्यातच की."

"खाली पडल्यावर असत्यात. वर नुसतं हिरवं असतंय ना? तुमाला समद्यांना रोज असं दिसतंय?"

बिरदेवानंही मान वर करून झाडाकडं पाहिलं.

घरी दाराशी एक गाठोडं बांधून ठेवलेलं होतं. सून बबिता मानवतला माहेरी निघाली होती, कायमची. हुकूम कासाबाईचाच. "हाक मारली तर ओ देत न्हाई. लय गुर्मी हाय तिला," असं ती गावभर सांगायची.

आम्ही पोचलो तेव्हा बबिता लांब, मेंढरांमध्ये उभी होती. सवयीनं कासाबाईनं हाक मारली, "बबिते!"

मेंढरांच्या पाठींच्या वर एक हात उंच झाला. रडून सुजलेल्या तोंडानं ती पोर हसली आणि तिनं मान डोलावली.

कासाबाई तशीच कळपातून वाट काढत तिच्याकडे गेली.

"हात का वर केलास?"

"ओ दिली, आत्या."

"रोज आशीच देतीस?"

"व्हय."

"आगं, तोंडानं का न्हाई बोललीस कधी?"

"मेंढरं बुजत्यात. लगीन होऊन आले तवा तुमीच सांगितलं व्हतं, कळपात वरडू नगंस म्हणून."

कासाबाईनं मला नाकावरून काढलं. समोरचा चेहरा पुन्हा पुसट झाला असावा, कारण लगेच घाबरून तिनं मला परत चढवलं आणि सुनेकडे नुसती बघत राहिली.

मग घरी जाऊन तिनं स्वतः ते गाठोडं सोडलं. गाठ निघेना, तेव्हा दातांनी ओढून सोडवली.

आता माझ्या भिंगांवर ओरखडे पडलेत. एक दांडी दोऱ्यानं बांधलीय. कासाबाईचा नंबरही वाढलाय. लवकरच माझ्या जागी दुसरा येईल. निघण्याआधी एवढंच मागतो. तुमच्या घरात कुणी 'अमकी मला ओळखच देत नाही' म्हणून कुढत असेल, तर भांडण्याआधी त्या कुढणाऱ्यालाच एकदा डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. कुणीतरी घरातून जाता जाता राहील.