मगरीबला बारा

पत्र्याच्या पेटीत सव्वीस घड्याळं होती. एकवीस दुरुस्तीला आलेली आणि कुणी परत न नेलेली. उरलेली पाच न वापरलेली, कारखान्याच्या शिशाच्या मोहरेसकट: दोन हिरव्या डब्यांत, तीन लाल डब्यांत. थुरय्याने ती बैठकीच्या गालिच्यावर ओळीने मांडली. प्रत्येक डब्यावर खजुराचं झाड. स्विस कंपनीचं लांबलचक नाव जिद्द्यात कुणाच्याच जिभेवर बसलं नव्हतं. सगळा बाजार त्या घड्याळाला 'अबू नखला', म्हणजे खजूरवालं, म्हणायचा. कंपनी बुडून आता सात वर्षं झाली होती.

"भंगारात घाल," हमझाकाका कॉफीचा घोट घेत म्हणाला. "आपल्या नव्या दुकानात हे भूत नको."

"आणि पाटीवर माझं नाव?" बाबांनी विचारलं.

"तेही नको, अबू थुरय्या," काका थुरय्याच्या बापाला, आपल्या भावाला म्हणाला. "लोक अजून विसरले नाहीत. तायफच्या बाजारात ही घड्याळं विकली म्हणून माझी पगडी उडवली होती त्यांनी, तुझी नाही."

वीस वर्षांचं जुनं भांडण. सरकारी वेळ सुरू झाली आणि अबू नखला दिवसाला मिनिटभर पुढे पळतं, हे गावभर झालं. काकाने तेव्हा ठरवून टाकलं, की भावाने आतला चांगला माल काढून हलका घातला. बाबा दरवेळी एवढंच म्हणत, "मी उघडली नाहीत."

थुरय्या भौतिकशास्त्र शिकून नुकतीच घरी आली होती. तिला एक गोष्ट खटकत होती. हलका माल कुठे पुढे पळेल, कुठे मागे पडेल. सगळी घड्याळं एकाच बाजूला, तीही सारखीच कशी चुकतील?

"बाबा, सरकारी वेळेच्या आधी तक्रार नव्हती?"

"होती की. पण उलटी. मागे पडतं म्हणायचे."

"बारा महिने?"

बाबा आठवू लागले. "नाही. उन्हाळा सरून खजूर उतरवून झाले की. आज सूर्य मावळून मगरीबची बांग झाली की काटे बारावर आणायचे, उद्या बांग झाली तरी काटा बाराच्या मिनिटभर अलीकडे. लोक मला म्हणायचे, तुझं घड्याळ बहिरं आहे, बांग ऐकत नाही."

"आणि उन्हाळ्याच्या तोंडावर?"

"तेव्हा जरा पुढे. पण पुढे जाणाऱ्या घड्याळाची तक्रार कोण करतो? नमाज थोडीच चुकते."

थुरय्याने हातातला खजूर तसाच खाली ठेवला. "खजूर उतरल्यावरच्या दिवसांत सूर्यच रोज जवळजवळ मिनिटभर लवकर मावळतो, बाबा. घड्याळ बरोबर होतं. मागे पडतं, ही तक्रार तुम्ही कुणाला सांगितली होतीत?"

"कंपनीचा माणूस यायचा ना, मागणी घ्यायला. नेमका त्याच दिवसांत. घामाघूम, आणि कॉफीत साखर मागायचा. गिऱ्हाईक काय म्हणतं, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, रोज मिनिटभर मागे पडतं म्हणतात."

"मगरीबला काटे फिरवतो, हे सांगितलंत?"

"ते काय सांगायचं? सगळी दुनिया फिरवायची."

"त्याच्या गावात बारा दुपारी वाजतात, बाबा."

काकाने कॉफीचा फिंजान खाली ठेवला. बाबा त्या डब्यांकडे बघत राहिले.

"हिरवे डबे त्या बोलण्याच्या आधीचे," ते सावकाश म्हणाले. "लाल नंतरच्या वर्षी आले."

"म्हणजे तिकडे त्यांनी मुद्दाम घड्याळं पुढे पळवली? हिच्या बापाच्या एका वाक्यावरून?" काका म्हणाला.

"अंदाज आहे माझा," थुरय्या म्हणाली. "रोज मगरीबला काटे फिरवत होतो, तोवर ते पळणं झाकलं गेलं. सरकारी वेळ आली, फिरवणं थांबलं, आणि आठवड्यात सात मिनिटं साचली. अंदाज खरा असेल तर हिरवी बरोबर चालतील आणि लाल पळतील. या मोहरा तरी खोट्या नाहीत ना, काका?"

काकाने पाचही डबे खिडकीच्या उजेडात धरले, प्रत्येक शिशावर नख घासून पाहिलं. "कारखान्याच्याच," तो नाइलाजाने म्हणाला. मग भावाकडे न बघता, "लाल पळाली तर पाटीवर तुझं नाव आधी, माझं नंतर. बरोबर चालली, तर माझ्यापुढे पुन्हा विषय काढायचा नाही."

"आणि पळाली तर चूक माझीच ना?" बाबा म्हणाले.

"तोंडाची. हाताची नाही. हाताचं काय ते आधी कळू दे."

मोहरा काकाने स्वतः फोडल्या. थुरय्याने पाचही घड्याळांना चावी दिली. एका हिरव्यातलं तेल वाळलं होतं. ते चाललंच नाही. बाकीची चार तिने रेडिओवर बातम्यांआधी वाजणाऱ्या ठोक्यांवर लावली आणि तबकड्या वर करून भिंतीतल्या कोनाड्यात, बाबांच्या डोळ्यांसमोर ठेवली. त्या रात्री काका आपल्या घरी गेला नाही. दोघे भाऊ बैठकीतच झोपले, एक या भिंतीला, एक त्या.

दुसऱ्या दिवशी त्याच बातम्यांना तिघे कोनाड्यासमोर बसले. शेवटचा ठोका पडला आणि थुरय्याने काटे वाचले, काकाने तिच्या खांद्यावरून.

हिरव्या डब्यातलं चार सेकंद मागे. लाल डब्यांतली त्रेपन्न, पंचावन्न आणि एकोणसाठ सेकंद पुढे.