अकरा किलोंचा आरसा

मी एक जुना आरसा आहे, मित्रांनो; पण तोंड बघायला माझ्याकडे येऊ नका, उलटे दिसाल. मी दुर्बिणीचा आरसा. म्हणजे, होणार होतो.

सोव्हिएत काळात अल्मा-अताच्या काच कारखान्यात राबिगाने मला घडवलं. डोंगरावरच्या दुर्बिणीला नळीच्या टोकाशी पंधरा किलोंपेक्षा जास्त वजन पेलत नव्हतं आणि माझ्या मापाचा आरसा चाळीस भरायचा. म्हणून तिने माझी पाठ कोरली. मधाच्या पोळ्यासारखे एकसष्ट खण पाडले, एकेका खणाला तीन दिवस. मी अकरा किलोंवर आलो. राइनहोल्ड नावाच्या फिटरने मला तीन स्क्रूंची बैठक केली. स्क्रू केसभर फिरवला की मी केसभर मान वळवायचो. माझ्यात चाचणीचा तारा, म्हणजे दूरच्या दिव्याचा ठिपका, पहिल्यांदा सुईच्या टोकाएवढा लखलखला, तेव्हा राबिगा खुर्चीवर बसली ती बराच वेळ उठलीच नाही. माझं खरं कौतुक झालं ते तेवढंच.

डिसेंबरात संचालक सेइतकाली दौलेतोविच आले. कारखान्याचं वर्षाचं उद्दिष्ट किलोंत असे: इतके किलो तयार काच.

"राबिगा तेमिरोव्ना, बाकीची काच कुठे गेली?"

"कोरून काढली. हलका करायचा होता ना."

"एकोणतीस किलो! अहो, आरसा केलात की उद्दिष्टाला भोक पाडलंत?"

दुसऱ्या दिवशी राबिगा डोंगरावर माझी जागा मोजायला गेली. परतली तेव्हा माझ्या खणांत सिमेंट होतं. कमी पडलं तिथे शिशाचे तुकडे. काट्यावर बरोबर चाळीस.

"राइनहोल्ड, तू कालवलंस?"

"आपाय," तो म्हणाला. तिकडे ताईला असंच म्हणतात. "माझं आडनाव जर्मन आहे, युद्धापासून आमच्यावर आधीच संशय. मी नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं, तुम्हीच सांगा."



सिमेंट वाळलं तशी माझी पाठ ओढली गेली. तपासणीला आलेल्या मंडळींना तारा दिसला तो मांती, म्हणजे तिकडचा खिम्याचा मोदक, उकडताना फुटून सारण बाहेर यावं तसा. बैठकीमुळे माझी पाठ झाकलेली, ती कुणी पाहिली नाही.

"रचनाच चुकली," संचालक म्हणाले.

राबिगाने तोंड उघडलं. राइनहोल्ड स्वतःच्या बुटांकडे बघत होता. सिमेंटचं नाव निघालं असतं तर तुरुंगात कालवणारा गेला असता, कालवायला लावणारा नाही. तिने तोंड मिटलं.

नापास काच चोरून बाहेर जाऊ नये म्हणून ती घडवणाऱ्यानेच सर्वांसमोर फोडायची, असा तिथला रिवाज. राबिगाच्या हातात हातोडा दिला. पहिल्या घावाला मी या कडेपासून त्या कडेपर्यंत तडकलो, पण सिमेंटने तुकडे सोडले नाहीत. दुसरा घाव. तिसरा.

"आपाय, आज कुमिस प्यायल्या नाहीत वाटतं!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. कुमिस म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, तिकडे ताकदीसाठी पितात. सगळे हसले. राइनहोल्डही हसला, त्याला हसावं लागलं.

सातव्या घावानंतर ती खाली बसली. संचालकांनी हातोडा काढून घेतला आणि माझ्यावरून हात फिरवला. "बघा! सात घाव, आणि एक तुकडा पडला नाही. याला म्हणतात आपल्या कारखान्याची काच!"

मंडळींनी ते लिहून घेतलं.

मला प्रवेशदालनात उभं केलं. खाली पितळी पाटी: 'मजबुती'. राबिगाला चष्म्याची भिंगं घासायच्या कामावर बसवलं. निवृत्त होईपर्यंत ती रोज दोनदा माझ्यासमोरून गेली आणि एकदाही तिने वर पाहिलं नाही. मला मात्र पाहावं लागे: नऊ तुकड्यांत नऊ राबिगा, सगळ्या उलट्या.

मित्रांनो, शेवटी वस्तूंची काळजी घ्या असं सांगायचं असतं. तर सांगतो. आरशावरची धूळ फडक्याने पुसू नका, चरे पडतात. आणि कुणाला फोडायचंच असेल, तर एका घावात फोडा.