तेवीस मिनिटांचे संस्थान

एकतीस मार्च. मनोऱ्यावरील घड्याळात सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटे झाली होती. साहेबांच्या मनगटावर दहा सत्तेचाळीस. संस्थान विलीन झाले, निशाण उतरले, शिक्के बदलले. उरली होती ती एवढी तेवीस मिनिटे.

"एका देशात दोन वेळा चालायच्या नाहीत," नव्या सरकारचे साहेब म्हणाले. "काटे मागे घ्या."

"ठोक्यांचं घड्याळ आहे, साहेब. उलटं फिरवलं तर दाते मोडतील," घड्याळजी म्हणाले. "लोलक धरून तेवीस मिनिटं जाऊ द्यावी लागतील. पण तो आजवर कधी थांबवलेला नाही."

"का?"

घड्याळजींनी जिन्याखालच्या आपल्या खोलीकडे पाहिले. तिथे त्यांची पत्नी शेंगा सोलत होती. लग्न होऊन आली तेव्हापासून चाळीस वर्षे ती या टिकटिकीखाली नांदली. तिचे दीर थट्टेने म्हणत, "वहिनीचं काळीज वरच्या लोलकाला टांगलंय." थट्टाच ती, पण घड्याळजींनी एकदा तिचे मनगट धरून पाहिले होते. नाडी लोलकाबरोबरच पडत होती. त्यांनी पुन्हा ते मनगट तपासले नाही.

"अहो, थांबवा एकदाचं!" ती खालून ओरडली. "बायकोचं नाही, निदान सरकारचं तरी ऐका!"

घड्याळजींनी लोलक धरला.

टिकटिक थांबली, तसा बाजारातला गलकाही एकाएकी थांबला. मग जिन्यावर पावले वाजू लागली, अनवाणी, पुष्कळ. साहेबांनी वाकून पाहिले. जिना रिकामा होता. पावले चढतच होती, वर मात्र कोणी पोचत नव्हते.

"अगं?" घड्याळजींनी हाक दिली. एरवी एका शब्दाला चार देणारी ती गप्प होती. नववे मिनिट सरत आले होते. लोलक साहेबांच्या हाती देऊन ते खाली धावले. ती भिंतीला टेकलेली, डोळे उघडे, बोटांत अर्धी सोललेली शेंग. त्यांनी छातीला कान लावला. वरच्यासारखीच शांतता.

"साहेब, लोलक सोडा!"

"अजून चौदा मिनिटं—"

"सोडा म्हणतो ना!"

पहिली टिक पडली आणि तिने श्वास घेतला. उरलेली शेंग सोलली.

"जिन्यात केवढी गर्दी हो," ती म्हणाली. "सगळी आपलीच, कधीची गेलेली. विचारत होती, आम्ही आता कुठल्या राज्यात?"

"तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, यांना विचारून सांगते."

साहेब भिंत धरून खाली उतरले.

"उरलेली मिनिटं, साहेब?"

"राहू द्या," साहेब म्हणाले. "त्यांनाही कुठेतरी राहायला हवं."

ते घड्याळ आजही देशाच्या चौदा मिनिटे पुढे आहे.