डोळ्यांचं औषध कपाळाला

नातीच्या भुवईवर जन्मानंतर दुसऱ्याच आठवड्यात गुलाबी ठिपका उमटला, तेव्हा आजोबांना वाटलं, डास चावला असेल. पण ठिपका हटायचं नाव घेईना. उलट फुगत गेला, लालभडक झाला, आणि बघता बघता तिथे वाटाण्याएवढी गाठ बसली.

मुलगा कायम फिरतीवर. सून बस डेपोत तिकीट खिडकीवर, भल्या सकाळी घराबाहेर पडायची. उभा जन्म कारखान्यात लेथ यंत्रावर काढलेले आजोबा आता दिवसभर नातीच्या, चिंगीच्या नोकरीला होते. दुपट्टी, बाटल्या, झोपवणं, सगळं त्यांच्याकडे. त्यामुळे दवाखान्यातही तेच पुढे होऊन बसले.

डॉक्टरीणबाईंनी गाठ बोटाने दाबून पाहिली, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग म्हणाल्या, "रक्तवाहिन्यांची गाठ आहे. भिण्यासारखं काही नाही. आपोआपही विरते, पण त्याला वर्षं लागतात, आणि ही डोळ्याच्या जवळ आहे. वाढून पापणीवर उतरायला नको. सुई नाही, कापाकापी नाही. सकाळ-संध्याकाळ एक थेंब गाठीवर लावायचा आणि हलकेच पसरायचा."

त्यांनी दाखवलेली बाटली आजोबांनी चष्मा वर करून निरखली. "अहो, हे तर माझं औषध. काचबिंदूचं. डोळ्यात घालतात हे."

"तेच. डोळ्याचा दाब उतरवतं, तसं या गाठींनाही आवर घालतं. फक्त बाळाची बाटली वेगळी ठेवा."

"माझी आहेच वेगळी. मी रोज घालतो."

सोबत आलेल्या सुनेने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांची बाटली फ्रीजच्या दारात झाकणही न उघडता पडून होती.

सकाळचा थेंब आजोबांचा, संध्याकाळचा सुनेचा, असं ठरलं. दोन-तीन आठवडे गेले तरी गाठ होती तशीच. वरच्या मजल्यावरच्या मावशी कपडे वाळत घालता घालता म्हणाल्या, "थेंबांनी कुठे गाठी जातात का? वेळेत कापून मोकळे व्हा." ते बोलणं आजोबांच्या डोक्यात घर करून बसलं. पोरीच्या कपाळावर सुरी, या विचारानेच त्यांच्या अंगावर काटा आला. एका थेंबाने जमत नसेल, तर जास्त लावून बघू. दुसऱ्या दिवशी त्यांनी कापसाचा बोळा औषधात चांगला भिजवला, गाठीवर ठेवला आणि वरून पट्टी चिकटवली.

दुपारी दुधाची वेळ झाली तरी चिंगी उठेना. हलवलं तर डोळे किलकिले करून पुन्हा मिटले. तळवे गार लागत होते. आजोबांनी सुनेला डेपोत फोन लावला आणि आडवळण न घेता सांगितलं, "मी औषध जास्त लावलं. कापूस भिजवून. ती सुस्त पडलीय."

"पट्टी काढा. ओल्या फडक्याने पुसून घ्या," सून म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "गाडी करून थेट दवाखान्यात या. मी पोचतेच."

नर्सने बाळाच्या अंगठ्याला ठोके मोजायचा चिमटा लावला. ठोके मंदावले होते, रक्तातली साखरही थोडी उतरली होती. साखरेचं पाणी पाजलं, मग दूध, मग नुसतं बघत बसणं. संध्याकाळ व्हायच्या आत चिंगीने हातपाय झाडून भोकाड पसरलं. ते रडणं ऐकून आजोबांच्या जिवात जीव आला.

"बाळाची कातडी पातळ असते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वरून लावलेलंही रक्तात उतरतं. लेथवर काम केलंत म्हणता ना, तिथे किती फरक चालायचा तुम्हाला?"

"मिलिमीटरचा शंभरावा भाग."

"मग इथेही हात तेवढाच राखून."

घरी आल्यावर आजोबा खुर्चीच्या कडेवर टेकले. "मला नको आता ते औषध. तूच लावत जा."

"सकाळी मी घरात नसते, बाबा. दवाखान्यातून पुन्हा सुरू करा म्हटलं, की तुम्हीच लावणार. एक थेंब." एवढं बोलून ती स्वयंपाकघरात गेली, ती त्यांची बाटली घेऊनच आली. "आणि तुमच्या डोळ्यांत आजपासूनच. दोघांचं सोबतच उरकायचं."

आजोबांनी निमूटपणे मान मागे टाकली. पहिला थेंब गालावरच सांडला.

काही दिवसांनी दवाखान्यातून होकार आला आणि एकेक थेंब पुन्हा सुरू झाला. पुढच्या महिन्यात गाठीचा तांबडेपणा ओसरला. मधोमध राखाडी छटा आली, मग गाठ चपटी होऊ लागली. चिंगी रांगायला लागली तेव्हा तिथे फक्त फिकट, जराशी सुरकुतलेली जागा उरली होती. मावशी म्हणाल्या, "मी म्हटलंच होतं, जाईल." आजोबांच्याही डोळ्यांचा दाब उतरला होता.

चिंगी वर्षाची झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी औषध थांबवलं. चिंगीला मात्र ते कोण सांगणार? दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा आपले थेंब घालायला बसले, तशी ती खुर्चीला धरून उभी राहिली आणि कपाळ पुढे करून वाट बघू लागली. आजोबांनी बाटलीचं झाकण लावलं, कोरडं बोट तिच्या भुवईवर हलकेच फिरवलं. तिचं समाधान झालं. ती खाली बसली आणि त्यांची चप्पल ओढू लागली.