हाकेचा दगड

काळथर बेटावर बेडूक आले तेव्हा त्यांना आवाज नव्हता. आवाज त्यांनी इथे येऊन घेतला, आणि पहिला घेतला तो गुणवंती मेतरचा.

आले कुठून, तर कुंड्यांतून. बेटाच्या दक्षिण टोकाला कुण्या बड्या मंडळींनी पाहुण्यांसाठी बंगले बांधले, आणि बंगल्यांना शोभा हवी म्हणून कॅरिबियन समुद्रातल्या कुठल्याशा बेटावरची झाडं मातीसकट मागवली. आता कोकणात काय झाडांचा दुष्काळ पडलाय? पण पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, त्यातली गत. त्या मातीत सुक्या पानाच्या रंगाचे, अंगठ्याएवढे बेडूक दडून आले होते. बघता बघता ते वाडीत पोचले. पडवीत, माडाच्या आळ्यात, पाट्यावरवंट्याखाली, जिथे ओल तिथे ते. संध्याकाळ झाली की सगळे माना वर करून बसायचे, गळे फुगवायचे, आणि काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही. आपले बेडूक पावसात कान किटवतात. हे नुसते फुगायचे आणि बसायचे. बंगल्यांचे मॅनेजर सामंतसाहेब म्हणाले, "तेसुद्धा बेटावरचेच आहेत. रुळतील."

काळथरची एक रीत इथे सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. बेटाला चहूबाजूंनी खडप आहे, म्हणजे खडकांचा पट्टा, काळा आणि धारदार, आणि होडी आत शिरायला त्यात एकच फट. तिला नाळ म्हणतात. हिवाळ्यात सकाळी धुकं असं पडतं की आपला हात आपल्याला दिसत नाही. रात्री मासे मारायला गेलेले पुरुष तेव्हा खडपाबाहेर इंजिन बंद करून थांबतात, आणि नाळेच्या काठाशी ज्याची त्याची बायको आपापल्या दगडावर उभी राहून हाक मारते. एरवी काळथरची बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, उखाण्यातसुद्धा आढेवेढे घेते. पण हाकेच्या दगडावर नाव घ्यायचंच. ती हाक मारते, होडीतून तो ओ देतो, पुन्हा हाक, पुन्हा ओ, आणि त्या आवाजाच्या दोरीला धरून होडी आत येते. होडी आत आली की बाई मागे वळते आणि घरी जाऊन चहाचं आधण ठेवते.

नवी सून आली की तिलाही पहिल्या सकाळी दगडावर उभं करतात. ती हाक मारते. बेटावरच्या कुणीतरी ओ दिली की ती बेटाची झाली. मग तिला कुणी परकी म्हणायचं नाही आणि कुणी हाकलायचं नाही. लेखी काही नाही, पण हे मोडलेलं कुणी बघितलेलं नाही.

गुणवंती घाटावरची. लवू मेतर सुकी मासळी घेऊन तिकडच्या बाजाराला जायचा, तिथे कसं जमलं ते त्या दोघांनाच ठाऊक. लग्नानंतर दगडावर उभी राहून तिने "लवूऽ" अशी हाक मारली, तर तिचा घाटी हेल ऐकून बायका पदरात तोंड घालून हसल्या. ओ कुणीच दिली नाही. तिने परत मारली, परत मारली. ऊन वर आलं, घसा सुकला. शेवटी शेजारच्या यशोदाकाकीचं काळीज हललं. "ओ गो बाय, ओ!" काकी म्हणाली, आणि गुणवंती तिथेच दगडावर बसून रडली. तेव्हापासून काकी म्हणजे तिची आईच.

म्हणून मग त्या संध्याकाळी जे झालं ते झालं. गुणवंती मागच्या दारी बांगडे साफ करत होती. पाण्याच्या हंड्याशी एक बेडकी बसली होती आणि गळा फुगवत होती. फुगवायची, थांबायची, इकडेतिकडे बघायची, परत फुगवायची.

"कुणाला बोलावतेस गं?" गुणवंतीने विचारलं.

बेडकीने परत गळा फुगवला. गुणवंतीला ते बघवेना. ती म्हणाली, "ओ. ओ बाई, ओ."

बेडकी तिच्याकडे वळली आणि गुणवंतीच्या आवाजात, घाटी हेल काढून म्हणाली, "लवूऽ."

गुणवंती काकीकडे गेली. बोलायला लागली तर आवाज पाणी घातलेल्या ताकासारखा पातळ झालेला.

"ओ दिलंस?" काकीने विचारलं.

"दिली."

"मगे ती घरची झाली. घरच्याक कोण केरसुणीन हाकलता?"

लवूने ऐकलं तेव्हा तो पोट धरून हसला. "घरात एक बायल होती ती कमी पडली?" म्हणाला. सकाळी नाळेकडे गेला तर गुणवंतीच्या दगडाशेजारी, पाण्यात थोडा आत, दुसरा दगड उभा होता. काल तिथे काही नव्हतं. दगडावर बेडकी बसली होती. बरोबरच आहे, घरची बाई झाली म्हणजे तिला हाकेचा दगड हवाच. लवूने वल्ह्याने नाळेची रुंदी मोजून बघितली आणि मग तो हसायचा थांबला. आधी नाळेतून दोन होड्या बरोबरीने जायच्या. आता तेवढी जागा नव्हती.

एकदा सुरुवात झाली म्हटल्यावर काय विचारता! बेडकी बोलायला लागली तसं बाकीच्यांनी ते बघितलं आणि जो तो ज्याच्या त्याच्या दारात जाऊन गळा फुगवू लागला. काळथरवर समोरच्याने हाक मारली आणि आपण ओ दिली नाही, यापरता अपमान नाही. माणसं भिडस्त. कुणी दयेने ओ दिली, कुणी चुकून, कुणी पोरांना गंमत म्हणून. ज्याने ओ दिली त्याच्या आवाजाचा वाटा बेडकाला गेला, भावाभावांत शेत वाटतात तसा; एकाला मिळालेला आवाज बाकीचे बेडूकही उचलायचे. आणि वाटा मिळालेले बेडूक शेजारच्या घरी जाऊन ओळखीच्या आवाजात हाक मारायचे. मग तर ओ द्यावीच लागायची. रोज सकाळी नाळेत नवे दगड दिसायचे, ओले आणि कुणीतरी जपून ठेवल्यासारखे स्वच्छ.

पहार घेऊन दगड काढायला पुरुष गेले होते. पण पहिली पहार उचलल्यावर दगडावरचा बेडूक यशोदाकाकीच्या आवाजात म्हणाला, "काय रे पोरांनो, काकीचो दगड फोडतास?" पोरांनी पहारी खाली ठेवल्या.

काकीचा आवाज सगळाच गेला होता. कुणालाही नाही म्हणणं तिला आयुष्यात जमलं नाही. आता ती उंबऱ्यावर बसून ओठ हलवायची आणि खांद्यावरचा बेडूक विचारायचा, "बाय, जेवलंस काय?" गुणवंती मान हलवायची. काकी समाधानाने पाठ टेकायची. बेडूक खांद्यावर नसला तर काकी ओठही हलवत नसे.

सामंतसाहेब एकदा वाडीत आले होते. "रुळले की नाही?" म्हणाले.  मागून दहा ठिकाणांहून बेडूक त्यांच्याच आवाजात म्हणाले, "रुळले की नाही?" साहेबांनीही कुठेतरी ओ दिली होती म्हणायची.

गुणवंतीने मात्र उरलेला आवाज गाठीला बांधला. ती बोलेनाशी झाली. भाजी घ्यायची तर बोट दाखवायची, हसायचं तर तोंड मिटून. चुलीच्या कडेला बसून बेडकी तिच्याच आवाजात म्हणायची, "भात करपला." गुणवंती भात उतरवायची. एकदा बेडकीने भरल्या घरात, नवऱ्याच्या तोंडावर, "लवू" म्हटलं तेव्हा गुणवंतीची मान शरमेने खाली गेली.  तिच्या घशात आता एका हाकेपुरतंच काही होतं, आणि ती हाक कुणासाठी ते तिला पक्कं माहीत होतं. नाळ आता होडी अंग चोरून शिरेल एवढीच राहिली होती.

धुक्याच्या आदल्या संध्याकाळी लवू जाळी होडीत टाकताना म्हणाला, "जावकच व्हया. घरात तांदूळ नाय."

तिने त्याची बाही धरली.

"घाबरा नको. तुझी हाक माका कळता. बेडकांका तुझो हेल गावलो, पण माझा नाव घेवच्या आदी तू वायच थांबतंस. लाजतंस. अजून लाजतंस! बेडूक कशाक लाजतले?"

गुणवंतीच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं ती क्षणभर थांबते हे त्याने ऐकलं होतं आणि तो कधी बोलला नव्हता. तिच्या पायाशी बेडकी बसली होती. ती लवूकडे बघत होती.

सकाळी धुकं खाली उतरलं. गुणवंती चाचपडत आपल्या दगडावर जाऊन उभी राहिली. दुसऱ्या बायका आपापल्या दगडांवर आल्या होत्या, पण त्यांच्यात हाक मारण्याजोगी कुणी उरली नव्हती. पदर तोंडाला लावून नुसत्या उभ्या. खडप मात्र भरून गेला होता. डावीकडे, उजवीकडे, दूर जिथे लाटा फुटतात तिथपर्यंत दगडादगडावर बेडूक. समुद्रात पहिलं इंजिन बंद झाल्याचं ऐकू आलं, ते लवूचं.

मग सगळा खडप थांबला. वायच. लाजल्यासारखा. आणि सगळीकडून एकदम गुणवंतीच्या आवाजात हाक आली, "लवूऽ."

"ओ!" धुक्यातून लवूची ओ आली.

देवा रे, तिला वाटलं, ओ देऊ नको. कुणाला देतोयस बघ तरी.

खडप पुन्हा थांबला आणि डावीकडून हाक आली. लवूने तिकडे ओ दिली. उजवीकडून आली, तिकडे दिली. प्रत्येक ओ आधीच्या ओपेक्षा बारीक होती. लवू मेतर शहाणा माणूस, पण बायकोने हाक मारल्यावर ओ न देणं त्याला आयुष्यात जमलेलं नव्हतं. वल्ह्याचा आवाज इकडे यायचा, तिकडे जायचा, लाटा फुटतात त्या बाजूला सरकायचा.

गुणवंतीने श्वास घेतला. ती थांबली नाही, लाजली नाही, गाठीला बांधलेलं सगळं सोडून तिने हाक मारली, "लवूऽ!"

ओ आली. लवूचीच ओ, पुरती, ठणठणीत. ती तिच्या शेजारच्या दगडावरून आली. तिथे बेडकी बसली होती.

मग डावीकडच्या दगडांवरून लवूची ओ आली. उजवीकडून आली. लाटा फुटतात तिथून आली. धुक्यात, होडी होती त्या जागेवरून, काहीच आलं नाही.

गुणवंती दगडावरून उतरली आणि नाळेच्या पाण्यात शिरली. पाणी कमरेला लागलं, मग छातीला. दिसले तर हात दिसतील म्हणून तिने दोन्ही हात वर केले. तिच्या पायांखाली काहीतरी टणक होतं, नव्या हाकेच्या दगडासारखं, आणि ते हळूहळू वर येत होतं. तिला वर उचलत होतं. पाणी छातीवरून परत कमरेवर आलं.

खडप आता गप्प होता. समोरचं धुकं थोडं फाटलं आणि त्यातून होडीचं नाक बाहेर आलं. ते नाळेकडे वळलंय की खडपाकडे, ते अजून कळत नव्हतं. होडीत लवू उभा होता. तो मान वर करून इकडेतिकडे बघत होता, आणि त्याचा गळा फुगला होता.

गुणवंतीने तोंड उघडलं. तिचाही गळा फुगला, आणि काही म्हणजे काही ऐकू आलं नाही.