तोंडी कल्पना

नव्या वेळापत्रकाचा कागद कंडक्टरने तिसऱ्या सीटच्या पाठीला डकवला आणि तळहाताने दाबून त्यातली हवा काढली. मावशी नेहमी चौथ्या सीटवर खिडकीशी बसायच्या, म्हणजे डोळे उघडले की समोर कागदच. पंचाईत एवढीच, की मावशी बसमध्ये डोळे उघडत नसत.

दुपारची ही बस बाजारातून निघून तळ्याला वळसा घालून परत बाजारात येई. मावशी पूर्ण वळशाचं तिकीट काढत आणि पहिलं वळण यायच्या आत झोपी जात. त्यांना जायचं कुठेच नसे. बाजार आला की कंडक्टर सीटच्या दांडीवर टिचकी मारून त्यांना उठवी.

"नवरा होता तोवर त्याच्या घोरण्यानं डोळ्याला डोळा लागत नव्हता," तिकीट घेताना त्या एकदा म्हणाल्या होत्या. "आता घोरणं नाही म्हणून लागत नाही. तुमचं इंजिन थेट त्याच्यासारखं घोरतं."

एक तारखेपासून वळसा बंद होणार होता. बस बाजारातून सरळ स्टेशनला जाणार. कागदाच्या तळाशी कारण होतं, प्रवाशांचा अल्प प्रतिसाद. शिवाय डेपोतून बजावलं होतं, की नेहमीच्या प्रवाशांना कंडक्टरने स्वतः तोंडी कल्पना द्यावी, मागाहून तक्रार नको. तळ्याकडच्या शाळेतल्या बाईंना त्याने सांगितलं, त्यांनी डेपोचा उद्धार केला आणि दुसरी बस शोधली. राहता राहिल्या मावशी.

"झोपलेल्या माणसाला उठवून सांगायचं, की तुमची झोप बंद झाली?" तो ड्रायव्हरला म्हणाला. "तू सांग ना."

"मी गाडी चालवतो. तुझी निद्रादेवी तू सांभाळ."

रोज तो ठरवून सीटपर्यंत जाई. तळ्याचं पाणी उन्हात हले आणि त्याचा उजेड बसच्या छतावर, रिकाम्या सीटांवर, मावशींच्या पांढऱ्या केसांवर संथ फिरत राही. बस पाण्यातूनच चाललीय असं वाटे. अशा वेळी माणसाने बोलू नये. तो खाकरे, थोडा वेळ उभा राही आणि पाय न वाजवता मागे फिरे. बाजारात उठवल्यावर सांगावं, तर झोपेतून उठल्या उठल्या कुणाला वाईट बातमी देणंही त्याच्या जिवावर येई. उद्या बघू, उद्या बघू करता करता आठवडा सरला.

शेवटच्या दिवशी बसमध्ये दुसरं कुणीच नव्हतं. आता पळवाट उरली नव्हती. तळं लागताच तो सीटजवळ गेला.

"मावशी."

"वाचलाय मी तो कागद," मावशी म्हणाल्या. डोळे मिटलेलेच होते.

"कधी?"

"लावलात त्याच दिवशी, बसायच्या आधी."

"मग बोलला नाहीत ते?"

मावशींनी डोळे उघडले.

"तुम्ही रोज यायचात, खाकरायचात, परत जायचात. म्हटलं, डोळे उघडले तर या बिचाऱ्याला सांगावं लागेल."

"म्हणजे आठवडाभर तुम्ही..."

"कसली झोप! तुम्ही कधी येताय, याचीच वाट बघत बसायचे."

 नसलेल्या झोपेसाठी तो आठवडाभर चवड्यांवर चालला होता, आणि त्या आपली उरलीसुरली झोप त्याच्यासाठी खर्ची घालत होत्या. तो समोरच्या सीटवर बसला. ड्यूटीवर असताना तो कधी बसत नसे.

"अर्धा वळसा उरलाय," तो म्हणाला. "आता झोपा."

"बघते."

त्यांनी डोळे मिटले. छतावरचा उजेड सरकत सरकत मागे गेला, पहिली घरं आली, मग दुकानं, मग बाजार. थांब्यावर कुणी नव्हतं. मावशींची मान खिडकीकडे कलली होती. त्या खरंच झोपल्या होत्या की अजून त्याच्याचसाठी डोळे मिटून बसल्या होत्या, ते त्याला ओळखता येईना. त्याने टिचकी मारून पाहिली नाही. उठून घंटीची दोरी दोनदा ओढली, म्हणजे थांबू नकोस.

ड्रायव्हरने एकदा आरशात पाहिलं आणि गाडी पुन्हा तळ्याच्या रस्त्याला घातली.